दिवसाची नजर, रात्रीचा महामार्ग

अंधार पडला की नागपूर–भंडारा महामार्गावर शहापूरजवळ समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे थेट डोळ्यांवर येतात. विशीतला मोटारसायकलस्वार लगेच सावरतो. साठी ओलांडलेल्याला मात्र ट्रक निघून गेल्यावरही थोडा वेळ पुढचं काही दिसत नाही. वयाबरोबर बाहुली आकसते, डोळ्याचं भिंग पिवळट होतं. साठीत दृष्टिपटलापर्यंत विशीच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर तोही विखुरतो.

परवान्याच्या नमुना १ मध्ये प्रश्न आहे तो चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असा. रातांधळेपणाही विचारतात, डोळे दिपतात का, हे नाही! चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, पण पाटीवरची अक्षरं वाचता येणं वेगळं आणि रात्री समोरचा दिवा झेलणं वेगळं.

तरी सगळा दोष वयावर ढकलणं अन्यायाचं ठरेल. म्हातारे सहसा वेग आवरतात, दारू पिऊन गाडी चालवण्यातही ते मागे असतात. ते चुकतात चौकात, समोरच्या गाडीचा वेग जोखताना. शिवाय तरुण ज्या धडकेतून निभावतो, तिच्यात त्यांच्या बरगड्या मोडतात.

आजारांची गोष्ट निराळी, ते वय बघत नाहीत. झोपेत श्वास अडकून जोरजोरात घोरणाऱ्यांना अपघाताचा धोका दुपटीहून अधिक असतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी लागली, तर ट्रक सुमारे ९० मीटर चालकाविना धावतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याचं जेवण हुकलं, की साखर उतरते. घाम, थरथर, मग गोंधळ. आणि गोंधळलेल्याला आपण गोंधळलोय हेच कळत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यात सहलीहून परतणाऱ्या मिनीबसच्या चालकाला फिट आली. वाघोलीच्या एका प्रवासी महिलेने स्टिअरिंग हाती घेतलं आणि बस चालवत त्याला दवाखान्यात पोहोचवलं. तिला चारचाकी चालवता येत होती, म्हणून निभावलं.

डोळ्यांचं दुखणं त्यामानाने सोपं. अमेरिकेत अलाबामातल्या २००२ च्या अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केलेल्या वृद्ध चालकांचे अपघात, ती न केलेल्यांच्या जवळपास निम्मेच होते. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.