पहिली मोटारसायकल : पारखून घ्यावी, पेलेल अशी घ्यावी

कुंकवाच्या व्यवसायासाठी ओळखले जाणारे केम हे करमाळा तालुक्यातील, सोलापूर–दौंड लोहमार्गावरचे गाव. तेथील व्यापाऱ्याला वसुलीसाठी किंवा माल पोहोचविण्यासाठी वाड्यावस्त्यांवर जायचे म्हटले, की डांबर संपून मुरूम, खडी आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल वाट्याला येतो. घरातील मुलाला वा मुलीला अठरावे वर्ष लागले, की पहिल्या मोटारसायकलीचा विषय निघतो. अलीकडे तरुणांची पसंती डांबरावर आणि कच्च्या वाटेवर सारखीच चालणाऱ्या ‘ड्युअल स्पोर्ट’ गाडीकडे झुकू लागली आहे. नव्या गाडीची किंमत जड वाटते, म्हणून वापरलेल्या गाडीचा शोध सुरू होतो. माल पारखणे हा ज्यांचा पिढीजात गुण, त्यांनी येथेही तोच डोळा ठेवावा.

या प्रकारच्या गाडीची ओळख म्हणजे मोठे पुढचे चाक, तारांची चाके, लांब हालचालीचे शॉकअप आणि जमिनीपासूनची अधिक उंची. स्वस्तात मिळणाऱ्या गाड्यांत हिरो एक्सपल्स २०० हे नाव प्रथम येते. २०१९ मध्ये आलेल्या या गाडीचे पुढचे चाक २१ इंचांचे, आसनाची उंची ८२३ मिलिमीटर आणि वजन सुमारे १५५ किलो आहे. तिच्याच नावाची ‘२०० टी’ ही मात्र डांबरी रस्त्याची गाडी आहे. जाहिरात वाचताना हा फरक ध्यानात घ्यावा. २०११ मध्ये आलेली दीडशे सीसीची हिरो इम्पल्स आणखी स्वस्त पडते. परंतु तिचे उत्पादन केव्हाच थांबले असल्याने सुटे भाग कोठे मिळतील याची चौकशी आधी करावी. २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ सीसीची आहे. तिचे आसन ८०० मिलिमीटर, म्हणजे तुलनेने खाली असले, तरी वजन १९० किलोंच्या पुढे जाते. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करता येईल का, हा प्रश्न नवशिक्याने स्वतःला अवश्य विचारावा. आसनावर बसल्यावर निदान एक पाय भक्कम टेकला पाहिजे. ज्याला रोज केवळ दुकानाचा माल वाहायचा आहे, त्याला शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडीच अधिक परवडते, हेही मोकळेपणाने मान्य करावे.

गाडी पाहण्यास सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना ते सुरू करून पाहावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. निळसर धूर निघाला, तर इंजिन तेल जाळते असे समजावे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ वा ओरखडे आहेत का, तारा सैल आहेत का, रिम वाकली आहे का, हे हाताने चाचपावे. इंजिनाखालच्या पत्र्यावरील खोल पोचे आणि चौकटीच्या सांध्यांवरील नवा रंग गाडीचा पूर्वेतिहास सांगतात. चेन व दातेरी चक्रांची झीज पाहावी. टायरवरील चार आकडी खूणही वाचावी : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

कागदपत्रांची पारख याहून महत्त्वाची. चॅसिस व इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घ्यावा. थकीत ई-चलन तपासावे. फॉर्म २९ व ३० वर सह्या होऊन खरेदीदाराने तीस दिवसांत गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज करावा, तर विम्यावरील नाव चौदा दिवसांत बदलून घेण्यास अर्ज द्यावा. व्यापारात शब्दाला मोल असले, तरी येथे केवळ शब्द पुरत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले, की गाडी विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. त्यामुळे घरातील जुनी गाडी ओळखीवर देऊन टाकणाऱ्यानेही सावध राहावे.

परवान्याच्या बाबतीत सवलत नको. गिअरच्या मोटारसायकलीस अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. अल्पवयीनाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली.

ठरविलेली सगळी रक्कम गाडीतच घालू नये. निदान पाचवा हिस्सा बाजूला काढून त्यातून आयएसआय चिन्हाचे दोन हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट, आवश्यक तर नवे टायर आणि पहिली सर्व्हिसिंग करावी. पहिले काही आठवडे मोकळ्या मैदानात, मग ओळखीच्या मुरमाड वाटेवर आणि शेवटी वाहत्या रस्त्यावर असा सराव ठेवावा. दुकान बंद करून अंधारातून परतताना पाठीमागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे येते, तेव्हा गाडीची किंमत नव्हे, चालविणाऱ्याचा संयम कामी येतो.