पात्यावरचे दहा ठिपके

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत एके काळी मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला, की वडील किंवा आजोबा त्याच्या हातात एक घडीचा चाकू ठेवत. चाकू नुसता भेट दिला तर मैत्री तुटते अशी तिकडे समजूत आहे. म्हणून घेणाऱ्याने देणाऱ्याला एखादे नाणे परत द्यायचे, म्हणजे तो व्यवहार होतो आणि नाते शाबूत राहते! त्या चाकूने दोरी कापायची, सफरचंद सोलायचे, काठी तासायची आणि थंडीच्या दिवसांत सापळ्यात सापडलेल्या मस्करॅटचे म्हणजे पाणउंदराचे कातडे काढायचे. महामंदीच्या काळात कित्येक शेतकऱ्यांची पोरे पहाटे उठून ओढ्याकाठी लावलेले सापळे बघून येत आणि मग शाळेत जात. कातडी विकून आलेल्या पैशांतून बूट घेतले जात, कधी घरचा किराणाही येई.

आज ती पोरे नाहीत, सापळेही फारसे नाहीत. चाकू मात्र आहेत आणि ते जमवणारे हौशी लोक हजारोंनी आहेत. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात उंदीरसुद्धा पकडलेला नसतो.

या चाकूंमध्ये सर्वांत लाडका प्रकार ‘ट्रॅपर’, म्हणजे सापळे लावणाऱ्याचा. मिटलेला असताना लांबी साधारण चार इंच आणि दोन लांब पाती. एका पात्याचे टोक अणकुचीदार असते. कातड्याला पहिला छेद त्याने द्यायचा. दुसऱ्याचे टोक मुद्दाम बोथट, गोलसर ठेवलेले असते. ते का, हे समजले की कारागिराला दाद द्यावीशी वाटते. कातडे मांसापासून सोडवताना टोक रुतले, तर भोक पडते आणि भोक पडलेल्या कातड्याला व्यापारी निम्मी किंमतही देत नाही. म्हणून हे बोथट पाते. मुळात ते गुरेढोरे खच्ची करण्यासाठी बनवले गेले होते. सापळेवाल्यांना ते अचूक उपयोगी पडले. ‘मस्करॅट’ नावाच्या दुसऱ्या प्रकारात दोन्ही पाती अणकुचीदार आणि अगदी सारखी असतात. एकाची धार गेली की दुसरे उघडायचे, ओढ्याकाठी दगडावर घासत कोण बसणार!

मुठीची कथा तर थेट आपल्या दारापर्यंत येते. जुन्या उंची चाकूंच्या मुठींना सांबरशिंग लावलेले असे आणि ते भारतातून जाई. गळून पडलेली शिंगे जंगलातून गोळा करून परदेशी पाठवली जात. पुढे भारताने या निर्यातीवर बंदी घातली, आणि जुन्या सांबरशिंगी चाकूंचा भाव वधारला. नेहमीची मूठ मात्र गुरांच्या नळीच्या हाडाची, त्यावर खवले कोरलेली. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डची प्रसिद्ध ‘केस’ कंपनी हे हाड ब्राझीलमधून आणते, आणि ब्राझीलची ती वशिंडवाली गुरे मूळची आपल्या ओंगोल आणि गीरची वंशज!

आकड्यांची आणि ठिपक्यांची भाषा

नुसता जुना चाकू असणे आणि त्याचे वय सांगता येणे यात फार फरक आहे. वय कळते ते पात्याच्या मुठीकडच्या, धार नसलेल्या भागावरच्या ठशावरून. केस कंपनीच्या चाकूंवर १९२० ते १९४० या काळात ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ असा ठसा होता, १९४० पासून १९६४ पर्यंत ‘केस एक्सएक्स’, आणि १९६५ ते १९६९ मध्ये त्याच्याखाली ‘यू.एस.ए.’ आले. मग १९७० मध्ये कंपनीने गंमत केली. ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे हिशेब सोपा: १९८० मधून ठिपके वजा करा. तीन ठिपके असतील तर चाकू १९७७ चा.

या ठिपक्यांनी छंदाला वेड लावले. दहा वर्षांचे दहा चाकू, मग प्रत्येक मुठीचे दहा... पूर्ण संच कधी होतच नाही. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, अमेरिकेत बंदुकांच्या खरेदी-विक्रीवर कायद्याची बंधने आली आणि जत्रांतून जुन्या बंदुकांची अदलाबदल करणारे कितीतरी जण चाकूंकडे वळले, असे जुने संग्राहक सांगतात.

चाकूवर आकडाही असतो. ६२५४ मधला सहा म्हणजे कोरलेले हाड, दोन म्हणजे दोन पाती, आणि चोपन्न हा ट्रॅपरचा नमुना. पहिला आकडा पाच असेल तर मूठ सांबरशिंगाची, तीन असेल तर पिवळी. योगायोग असा, की युरोपमध्ये पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर १९९५ पासून बंदी घालणाऱ्या १९९१ च्या नियमाचा क्रमांक आहे ३२५४, म्हणजे नेमका पिवळ्या ट्रॅपरचा! त्या सापळ्यांत प्राणी तासन् तास तडफडत राहत, तेव्हा बंदीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. हत्याराचे कौतुक करताना ते कशासाठी होते हे विसरू नये, एवढेच.

केसखालोखाल मान रेमिंग्टनचा. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी घटली आणि रिकाम्या पडलेल्या यंत्रांचे करायचे काय, म्हणून या कंपनीने १९२० मध्ये चाकू काढायला सुरुवात केली. मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची लहानशी पट्टी बसवलेले तिचे ‘बुलेट’ चाकू संग्राहकांच्या स्वप्नात येतात. १९४० मध्ये कंपनीने हा धंदा विकून टाकला. १९८२ पासून जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, पण जाणकार त्यांना मूळ चाकवाच्या पंक्तीला बसवत नाहीत.

आणि जिथे पैसा तिथे लबाडी. साध्या चाकूवर जुना ठसा उमटवायचा, दोन मोडक्या चाकूंचा मिळून एक करायचा, नव्या हाडाला चहाच्या रंगात बुडवून म्हातारे करायचे, असे उद्योग सर्रास चालतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी ठसा बघत नाही. तो चाकू उघडतो, मिटतो आणि कान देतो. चांगल्या चाकूची स्प्रिंग ‘खट्’ असा स्वच्छ आवाज करते. मग पाते हलते का, दोन्ही पात्यांवरचा काळसरपणा सारखा आहे का, खिळ्याभोवती नव्या ठोक्याच्या खुणा आहेत का, ते बघतो. ठसा सर्वांत शेवटी.

बाजाराचा न्याय अजब आहे. सर्वांत जास्त किंमत त्या चाकूला, ज्याने कधी काही कापलेच नाही. चाळीस वर्षे आजोबांच्या खिशात राहिलेला, घासून घासून पाते निम्मे झालेला चाकू तिथे कवडीमोल ठरतो. माझ्या मते बघण्यासारखा चाकू तोच. झिजलेल्या पात्यावरून तो माणूस डावखुरा होता का, तेदेखील ओळखता येते.

दरम्यान, बनवणारेच नाहीसे होत आहेत. इम्पीरियल श्रेड २००४ मध्ये बंद पडली, कॅमिलस २००७ मध्ये, टायटसव्हिलची क्वीन २०१८ मध्ये. केसला १९९३ मध्ये त्याच गावातल्या झिपो लायटरवाल्यांनी विकत घेतले म्हणून ती टिकली.

आपल्या कपाटातला चाकू

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची दालने पाहिलेल्यांना घरगुती पोलादाची ही ओढ नवी नाही. तुमच्याकडेही आजोबांचा एखादा घडीचा चाकू असेल. बहुधा तो अमेरिकन नसेल, शेफिल्डचा असेल. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा माल हिंदुस्थानात भरपूर येई. पात्यावर चांदणी आणि क्रूस दिसला तर खूण तिचीच. त्यासोबत ‘व्ही.आर.’ अक्षरे असतील तर काळ व्हिक्टोरिया राणीचा.

असा चाकू सापडला तर पहिली गोष्ट म्हणजे तो घासूनपुसून चकचकीत करू नका. काळसर छटा गेली की मोलही गेले. मऊ फडक्याने धूळ पुसा, सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते चिकट होऊन बसते. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे पोलादाला गंज आणि पितळेला हिरवा कळंक चढवते. मूठ सेल्युलॉइडची असेल, तिला भेगा पडून उग्र वास येऊ लागला असेल, तर तो चाकू लगेच वेगळा ठेवा. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या चांगल्या चाकूंची पातीही खाऊन टाकते. अशाने अख्खा खण गेल्याची उदाहरणे आहेत.

आणि अमेरिकेतला भाचा येताना ट्रॅपर आणणार असेल तर त्याला आधीच बजावा, चाकू मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत असेल तर विमानतळावरच त्याला निरोप द्यावा लागेल.