एकाला तोंड नाही, दुसऱ्याला जठर नाही

येवल्यात पैठणी विणणाऱ्या हातमागाशेजारी उभं राहिलं की पदरावर मोर दिसतो, मुनिया दिसते, कमळ दिसतं. ज्याच्या जिवावर हा सगळा थाट, तो पतंग मात्र त्या नक्षीत नाही. धागा आहे त्याच्या अळीचा, आणि अळी म्हणजे निव्वळ भूक. रात्रंदिवस तुतीचा पाला कुरतडून महिनाभरात तिचं वजन जन्मवेळेच्या सुमारे दहा हजार पट होतं. मग खाणं कायमचं बंद. मान इकडून तिकडे वळवत दोन-तीन दिवस ती तोंडातून एकच अखंड तार सोडते. ही तार किलोमीटरच्या घरात जाते!

पतंग कोष फोडून निघाला तर तार तुटते, म्हणून धाग्यासाठीचे कोष आधीच उष्णता देऊन निकामी करतात. अंड्यांसाठी राखलेल्या कोषांतूनच काय ते पतंग बाहेर येतात. त्यांना पंख असतात पण उडता येत नाही. हजारो वर्षं पाळल्याचा हा प्रताप. तोंड नावापुरतं. आठवडाभर जगायचं ते अळीने साठवलेल्या शिदोरीवर. नर पिसांसारख्या शृंगिकांनी मादीचा गंध तेवढा टिपतो. तो गंध नेमका कशाचा, हे शोधायला जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांना सुमारे ५ लाख पतंग खर्ची घालावे लागले. १९५९ मध्ये उत्तर मिळालं: बॉम्बिकॉल.

आता समुद्रात डोकावू. आपल्या किनारी पाण्यात हिप्पोकॅम्पस कुडा हा समुद्रघोडा सापडतो. मासा खरा, पण पोहण्यात ढ. पाठीवरचा पर सेकंदाला तीसेक वेळा फडफडवूनही मजल बेताचीच, म्हणून शेपटीने पाणवनस्पतीला विळखा घालून बसतो. याला ना दात, ना जठर. नळीसारख्या तोंडाने बारीक जीव ओढायचे; ते आतड्यातून भराभर पुढे सरकतात, की पुन्हा शिकार. पतंग आयुष्यभराचं जेवण लहानपणीच उरकतो, याची पंगत कधी उठतच नाही.

आणि बापपण? रेशमी पतंगाची मादी तीन-चारशे अंडी घालते. पिल्लांचं तोंड बघायला आईबाप दोघंही उरत नाहीत. समुद्रघोड्याची मादी अंडी सोपवते ती थेट नराच्या पोटावरच्या पिशवीत. तिथेच ती फळतात, तिथेच गर्भाला प्राणवायू मिळतो. दोन-तीन आठवड्यांनी नर अंगाला आचके देत शेकडो पिल्लं बाहेर टाकतो. तोवर मादीची पुढची अंडी तयार असतात, आणि हा पठ्ठ्या बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत पुन्हा गाभण!