प्रार्थनेचा हिशेब

अमेरिकेतल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा ८ ते १४ वर्षं मागोवा घेऊन हार्वर्डच्या यिंग चेन आणि टायलर व्हँडरवील यांनी २०१८ साली निष्कर्ष मांडले. लहानपणी किंवा किशोरवयात दर आठवड्याला प्रार्थनास्थळी जाणाऱ्या मुलांनी विशीत आल्यावर, कधीच न गेलेल्यांपेक्षा अधिक आनंदी असल्याचं सांगण्याची शक्यता सुमारे १८ टक्के जास्त होती; स्वयंसेवेत उतरण्याची २९ टक्के जास्त, अमली पदार्थांकडे वळण्याची ३३ टक्के कमी. आईची तब्येत, घरची आर्थिक स्थिती यांचा प्रभाव गणितात वेगळा काढला होता. पण ही बहुतेक गोऱ्या, सुस्थितीतल्या परिचारिकांची मुलं. हे आकडे उचलून थेट आपल्या बालसंस्कार वर्गांना चिकटवू नयेत.

श्रद्धा नेमकी कशी, हाही प्रश्न आहेच. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी तिच्या दोन वाटा दाखवल्या. संकटात देव सोबत आहे असं वाटणारे सावरतात. ‘देव मला शिक्षा करतोय’ असं मानणाऱ्यांत मात्र नैराश्य आणि चिंता अधिक आढळते. नापास झालेल्या तेरा वर्षांच्या मुलाला ‘देवाचं करत नाहीस ना, म्हणून!’ असं सुनावणारे वडीलधारे त्याला दुसऱ्याच वाटेवर ढकलत असतात.