बिनबोलावलेले पाहुणे : भाग ९ – आरशातली सवत

या आठवड्यात माकडांची पाळी होती. ती पुढे ढकलतो. माकडं काही कुठे जात नाहीत. आंबे उतरेपर्यंत त्यांचा मुक्काम आपल्याच कौलांवर आहे. पण मधल्या मध्ये किन्हवलीकडच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं, आणि त्यातली तक्रार चैत्र-वैशाखातच सोडवायची आहे. आषाढात उत्तर दिलं तर वरातीमागून घोडं.

बाई लिहितात : पहाटे उजाडायच्या बेताला एक काळा-पांढरा पक्षी झोपायच्या खोलीच्या खिडकीवर टकटक सुरू करतो. हाकललं की जातो, चहाला आधण येईपर्यंत पुन्हा हजर. काचेवर लाळेचे डाग, चौकटीवर विष्ठेचा सडा. पडदे लावून पाहिले, उपयोग शून्य. शहरातून प्लास्टिकचं घुबड आणून ठेवलं. थोडा बिचकला, मग त्याच घुबडाच्या डोक्यावर बसून टकटक करायला लागला. सासूबाईंचं मत पडलं की आपल्यातलंच कुणीतरी पाणी मागायला येतंय, म्हणून खिडकीत पाण्याची वाटी ठेवली. आता तो पाणी पितो आणि ताजातवाना होऊन टकटक करतो. बाईंचा प्रश्न असा की त्याला आत यायचंय का, आणि आत घेतलं तर थांबेल का.

आत बिलकूल यायचं नाहीये त्याला. काळंभोर डोकं, पंखावर पांढरा पट्टा, पांढरं पोट, उभी शेपटी, म्हणजे हा दयाळ. हिवाळाभर हा कुंपणातून मुकाट फिरतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. होळी झाली की शेंड्यावर चढून गायला लागतो आणि ते गाणं आपल्यासाठी नसतं. 'हे परसू माझं, इथली बीळ-भोकं माझी, इथले किडे माझे' एवढाच त्याचा अर्थ. ज्याला हे पटत नाही त्या दुसऱ्या दयाळाला तो हद्दीबाहेर घालवतो. बाईंच्या खिडकीत असा एक दयाळ आहे जो काही केल्या जात नाही. चोच मारली तर चोच मारतो, छाती काढली तर छाती काढतो. खरा शत्रू दोन झटापटींत पळाला असता. हा पळत नाही म्हणून आमचा गडी रोज कामावर.

हे एकट्या दयाळाचं नाही. आपल्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात चिरक, धोबी, शिंजीर, सातभाई, भारद्वाज, इतकंच काय राखी धनेशसुद्धा काचेशी भांडतो. धनेशाची ती चोच काचेवर पडायला लागली की घरमालकाच्या छातीत धस्स होतं. मोर असेल तिथे तो मोटारीच्या चकचकीत दरवाजाशी झुंजतो आणि रंगावर असे ओरखडे काढतो की गॅरेजवाला विचारतो, 'कुणाशी वैर आहे का?'

आमच्या सापगावात या सगळ्यात पटाईत चिरक. भातसेच्या पुलाकडे मोटारसायकली उभ्या असतात तिथे सकाळी कुणीही जाऊन पाहावं. नर येतो तो आरशाच्या वरच्या कडेवर बसतो. खाली वाकतो. आत एक चिरक वाकलेला दिसतो. हा खांद्यावरचा पांढरा ठिपका फुलवतो, शेपटी पाठीवर टाकून बुडाखालची तांबडी पिसं दाखवतो; आतलाही दाखवतो. मग उडी. काचेसमोर पंख फडफडवत नखं आणि चोच एकदम, घसरून क्लचच्या दांडीवर. आणि यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते : तो टुणकन उडून आरशाच्या मागे जातो. तिथे कुणी नाही. मान तिरकी करून क्षणभर त्या काळ्या प्लास्टिककडे बघतो, पुन्हा वरच्या कडेवर येतो, वाकतो, आणि हरामखोर पुन्हा जागेवर!

मादीही भांडते, बरं का. आमच्या आळीतल्या एका आजींनी चिरकीण गाडीच्या आरशाला झोंबताना पाहिली आणि शेणाचे हात तसेच ठेवून निकाल दिला, "तिला सवत दिसते ती." चिरकीण आपल्या हद्दीतून दुसऱ्या मादीलाच घालवत असते. आजींचं निदान पक्षिशास्त्राच्या पुस्तकात जसंच्या तसं घालता येईल.

या भांडणाचा मुळातून अभ्यास केला तो डेव्हिड लॅक या इंग्रज माणसाने. त्याचं 'द लाइफ ऑफ द रॉबिन' हे पुस्तक १९४३ सालचं. विलायती रॉबिन आणि आपले दयाळ-चिरक एकाच मोठ्या कुळातले, म्हणजे स्वभावाचं नातं आहेच. लॅकने पेंढा भरलेला रॉबिन दुसऱ्या रॉबिनच्या हद्दीत ठेवला. हद्दवाला तुटून पडला, यात नवल नाही. पण पुढे लॅकने नुसता छातीच्या तांबड्या पिसांचा झुबका तारेवर लावला. डोकं नाही, पाय नाहीत, शेपटी नाही. तरी त्या झुबक्यालाही रॉबिनने छाती काढून धमकावलं. एकदा तर एक मादी पेंढ्याच्या पक्ष्यावर इतकी चवताळली की तो उचलून नेल्यावर ती परत आली आणि तो होता त्या रिकाम्या हवेवर चोची मारत राहिली. 'आपल्यासारखं काहीतरी आपल्या हद्दीत' एवढी खूण पटली की बाकीचा विचार होत नाही. काचेत तर अख्खा पक्षी दिसतो, तोही हलणारा. मग बिचाऱ्याने काय करावं?

आरशातला तो आपणच, हे ओळखणारे प्राणी फार थोडे. चिंपांझींना ते कळतं हे १९७० साली दाखवून दिलं गेलं. पक्ष्यांपैकी युरोपातल्या मॅगपायने २००८ साली ही परीक्षा पास केली : गळ्यावर, स्वतःला दिसणार नाही असा रंगीत ठिपका चिकटवला आणि आरसा समोर ठेवला, तर तो आरशाला न टोचता आपला गळा खाजवायला लागला. मॅगपाय कावळ्याच्या कुळातला. आपल्या गावकावळ्यावरही दिल्लीत हा प्रयोग झाला आणि त्यातल्या काहींना ठिपका उमगल्याचं संशोधकांनी लिहिलं आहे. ज्यांची घरची भाकरी कावळ्याने पळवली आहे त्यांना याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. दयाळ मात्र या शाळेत नापास.

आता काचेकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. साधी स्वच्छ काच समोरून पडलेल्या उजेडापैकी शेकडा आठेक भागच परत फेकते. तेवढ्याने आरसा होत नाही. पण आत काळोख आणि बाहेर उजेड असला की आतून येणारं काहीच नसतं आणि ते आठ भागच डोळ्यांत भरतात. पहाटे खोलीत दिवा नाही, बाहेर फटफटलं आहे, म्हणजे खिडकीचा आरसा झालाच. बाईंनी आतून पडदा लावला, तोही बहुधा झोपमोड नको म्हणून गडद. म्हणजे आरशाला पाठीमागून कलई करून दिली! ऊन अडवायला काचेला चंदेरी फिल्म लावतात त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. तो बारमाही आरसा.

आपल्याकडच्या जुन्या घरांत ही भानगड नव्हती. कारवीचा कूड, वर शेणामातीचा गिलावा, वीतभर झरोका, खिडकी असली तर लाकडी गज आणि फळ्यांची झडप. पक्ष्याने भांडायचं कुणाशी? आता रस्ते झाले, आसनगावपासून पुढे प्लॉट पडले, समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, आणि माहुलीचा डोंगर पलंगावरून दिसावा म्हणून जमिनीपासून छतापर्यंत काच आली. डोंगर दिसतो हे खरं. बाहेरून पाहिलं तर काचेतही तोच डोंगर दिसतो, तीच झाडं, तेच आभाळ. उपद्रव पक्षी करतो असं आपण म्हणतो, पण त्याच्या हद्दीत आरसा आणून उभा कुणी केला?

तर उपाय. सगळे बाहेरून, आतून एकही नाही.

सगळ्यात सोपा गेरू. पाण्यात दाटसर कालवून कुंच्याने काचेवर बाहेरून फासायचा. पक्षी जिथे झटतो तेवढाच पट्टा आणि आजूबाजूला हातभर. चुनाही चालतो, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीला तो खातो, आणि हल्ली चौकटी ॲल्युमिनियमच्याच. साबणाची कोरडी वडी घासली तरी काच आंधळी होते. पाहुणे येणार असतील तर जुनं सुती लुगडं बाहेरून टांगा. वाऱ्याने हलतं, शोभतंही. मोटारसायकलच्या आरशाला पायमोजा, मोटारीच्या आरशाला कापडी पिशवी. एका खिडकीवरून उठवला तर दुसऱ्या खिडकीवर जाईल, तेव्हा त्याच बाजूच्या लगतच्या काचाही त्याच दिवशी फासून टाका. नाहीतर तो आणि तुम्ही घराला प्रदक्षिणा घालत बसाल.

आणि धीर धरा. अंडी फुटून पिल्लांची तोंडं वासली की भांडायला वेळ उरत नाही. मोसम सरला की पक्ष्यांच्या अंगातली जननेंद्रियंसुद्धा आकसतात, रग आपोआप उतरते. ज्या दयाळाने वैशाखात काच फोडायची बाकी ठेवली, तोच भाद्रपदात त्या खिडकीसमोरून ढुंकूनही न बघता जातो.

पकडून माहुलीच्या पायथ्याशी सोडून येऊ का, असं विचारणारे आहेत. कायद्याने ते चालत नाही, हे एक. आणि रिकामी झालेली हद्द दुसरा नर लगेच बळकावतो. त्यालाही तीच काच दिसते. या 'सोडून येऊ' प्रकाराबद्दल मला बरंच बोलायचं आहे. जुन्नरचे बिबटे पकडून लांब नेऊन सोडले तेव्हा काय झालं, ते माकडांच्या भागात सविस्तर.

आता गेरू पुसायची घाई करू नका, कारण ज्येष्ठात दुसरा आणि जास्त वाईट प्रकार सुरू होतो. दयाळ काचेशी भांडतो तेव्हा त्याला काच दिसत नसली तरी शत्रू दिसतो, तो बेताने धडकतो, सहसा मरत नाही. पण पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, तिबोटी खंड्या येतो. दोघेही रात्रीचा प्रवास करणारे, दमलेले, या मुलखातल्या घरांना नवखे. त्यांना काचेत झाडी दिसते आणि ते पूर्ण वेगाने त्या झाडीत शिरतात. मुंबई-ठाण्याकडे दर वर्षी या दिवसांत गॅलरीत पडलेले नवरंग सापडतात, ते यातलेच. पाचू कवडा तर बारा महिने आपटतो. जमिनीलगत बाणासारखा सरळ उडायची खोड त्याला भोवते.

अमेरिकेत डॅनियल क्लेम हा प्राध्यापक १९७०च्या दशकापासून हाच एक विषय धरून बसला आहे. तिथे वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात असा २०१४ साली छापलेला अंदाज आहे. आपल्याकडचा हिशेब कुणी मांडलेला मी वाचलेला नाही, पण क्लेमसाहेबांची शिकवण सापगावातही लागू पडते. काचेवर ससाण्याचं एक चित्र चिकटवून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारून घुसतो. खुणा हव्यात त्या सगळ्या काचेभर, बाहेरच्या अंगाला, एकमेकींपासून दोन इंचांवर. पांढऱ्या रंगाच्या बारीक उभ्या रेघा ओढल्या तरी चालतं. दाण्या-पाण्याची भांडी एकतर काचेला अगदी खेटून, हातभर अंतरात ठेवा म्हणजे उडताना वेग येत नाही, नाहीतर चांगली लांब अंगणाच्या टोकाला. मधे ठेवलेलं सगळ्यात घातक.

माझ्या मते सगळ्यांत उत्तम म्हणजे डासांची जाळी खिडकीला बाहेरून ठोकणं. प्रतिबिंब जातं, आपटलाच तर मार कमी लागतो, आणि संध्याकाळी डासही बाहेर. सुतार हमखास म्हणेल, 'साहेब, जाळी आतून बसते.' त्याचं ऐकू नका. जाळी मात्र खंजिरीसारखी ताणून बसवा. सैल लोंबणारी नायलॉनची जाळी ही या भागातली मोठी पीडा आहे. भाजीच्या वाफ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याला ती गुंडाळलेली असते आणि उंदरामागे आलेली धामण तिच्यात अडकते, जितकी वळवळते तितकी आवळते. ही धामण तुमच्या घरचे उंदीर फुकटात मारते. सापडली तर सर्पमित्राला बोलवा. विळ्याने जाळी कापायला जाऊन धामण कापलेली मी पाहिली आहे.

आणि एवढं करूनही एखादा नवरंग ओट्यावर पडलेला सापडला, तर चोचीत पाणी घालू नका. ते नाकाकडे जाऊन जीव जातो. हळद नको, ब्रँडी नको, नातवंडांच्या हातात फिरवणं नको. चपलेचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाला फडकं, पक्षी आत, झाकण बंद, आणि खोकं मांजर पोचणार नाही अशा शांत अंधाऱ्या जागी. नुसता बधिर झालेला पक्षी बहुतेक वेळा तास-दोन तासांत सावरतो, आतून खरखर ऐकू येते. नाही सावरला, किंवा पंख लोंबत असेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पाळायला ठेवून घेणं हा गुन्हा आहे. खोकं उघडायचं ते बाहेर, झाडाच्या सावलीत. खोलीत उघडलंत तर तो उजेडाकडे, म्हणजे थेट खिडकीच्या काचेवर जाईल.