मोटारीवाचून स्वित्झर्लंड

कूर (स्वित्झर्लंड) : गोंदियाहून इकडे येणारे पाहुणे निघण्याआधी हमखास विचारतात, "तिथं फिरायला गाडी भाड्याने घ्यावी लागेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे : घेऊ नका, गरजच पडणार नाही. विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान आणि बराचसा डोंगरांनी भरलेला हा देश रेल्वे आणि बसनेच नीट पाहता येतो.

व्हाल्स या गावाचं उदाहरण घ्या. गाव हजारेक वस्तीचं, आल्प्सच्या खोऱ्यात आत दडलेलं, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वेस्थानक आहे. तिथून झुरिक शहरामार्गे कूरला यायचं. कूरला छोट्या लाईनची लाल गाडी धरून इलान्झला उतरायचं. इलान्झ स्थानकाबाहेर पिवळी पोस्टबस असते, ती थेट व्हाल्सला सोडते. रेल्वेच्या कंपन्या दोन, बस तिसऱ्याची, पण तिकीट एकच.

ही सोय एका वेळापत्रकातून आली. मे 1982 मध्ये इथल्या रेल्वेने दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला गाडी सोडायला सुरुवात केली. डिसेंबर 1987 मध्ये लोकांनी जनमत घेऊन 'रेल्वे 2000' या योजनेला मंजुरी दिली आणि 2004 मध्ये तिचं मोठं वेळापत्रक लागू झालं. तत्त्व आठवडी बाजारासारखं आहे : सगळ्या दिशांचे लोक एकाच वेळी जमतात, देवघेव करतात आणि परत पांगतात. मोठ्या जंक्शनांवर चहूकडच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात, प्रवासी गाडी बदलतात आणि तास उलटताच सगळ्या निघतात. बर्न ते झुरिक प्रवासाला तासाहून थोडा जास्त वेळ लागत होता, म्हणून हा मेळ बसत नव्हता. त्यासाठी सुमारे 45 किलोमीटरचा नवा मार्ग बांधून तो प्रवास तासाच्या आत आणला. आधी वेळापत्रक ठरलं, मग त्याला लागतील तेवढेच रूळ टाकले.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. परदेशी पाहुण्यांना 'स्विस ट्रॅव्हल पास' मिळतो. रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी आणि बहुतेक शहरांतल्या ट्राम त्यावर चालतात. तीन दिवसांच्या दुसऱ्या वर्गाच्या पासला सुमारे 250 फ्रँक, म्हणजे 25 हजार रुपयांहून जास्तच पडतात. स्वस्त नाही, पण आईवडिलांसोबत सोळा वर्षांखालची मुलं फुकट येतात. बर्निना एक्स्प्रेससारख्या पर्यटक-गाड्यांना जागा राखून ठेवावीच लागते, मात्र त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाडीत आरक्षणाशिवाय बसता येतं आणि दिसणारे डोंगर तेच असतात. स्थानकांवर फाटकं नाहीत म्हणून विनातिकीट बसू नका, दंड जबर आहे. आणि खोऱ्यातल्या गावी उतरलात की परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा.

कूर ते सेंट मोरित्झ हा मीटरगेज मार्ग 1904 मध्ये पूर्ण झाला. गोंदिया-जबलपूरची अडीच फुटी छोटी लाईनही त्याच काळातली. आपली लाईन अलीकडे ब्रॉडगेज झाली, ते चांगलंच झालं. इथल्यांनी मीटरगेज तशीच ठेवली, पण तिच्या वेळा मोठ्या लाईनशी जुळवल्या. कूर स्थानकात तर फलाटांच्या वर छताखालीच पोस्टबसचं आगार आहे. गाडीतून उतरून जिना चढला की बस. गावात किमान शंभर माणसांची कायम वस्ती असेल, तर तिथवर सार्वजनिक वाहतूक पोचवायचं धोरण आहे. त्यातला तोटा केंद्र आणि कँटन, म्हणजे इथली राज्यं, मिळून सोसतात.

हे पाहताना मला आपल्या गोंदिया जिल्ह्यातली देवरी आठवते. देवरीला रेल्वे नाही, तिथल्या माणसाला आमगाव गाठावं लागतं. रेल्वेचं वेळापत्रक केंद्राच्या हाती आणि एसटीचं राज्याच्या, त्यामुळे दोघांचा मेळ घालणं हे कुणाचंच काम ठरत नाही. खरं तर गोंदियासारखं जंक्शन फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येतं : नागपूर, रायपूर, बालाघाट, बल्लारशा, चारही दिशांना रूळ आहेत. स्विस लोकांसारखे बोगदे खणायला आपल्याजवळ पैसा नसेल, पण गाडी आल्यावर आमगावला देवरीची आणि सौंदडला सडक अर्जुनीची बस उभी ठेवायला बोगदा लागत नाही. रेल्वेच्या नागपूर विभागाने आणि एसटीच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडावीत. धान विकायला, दवाखान्यात, कॉलेजला जाणाऱ्या बिनगाडीच्या माणसाचा दिवस त्याने वाचेल, आणि नागझिरा-नवेगावबांधला येणारा पाहुणाही जीप न ठरवता येऊ शकेल. आपल्या लोकप्रतिनिधींकडे नव्या गाडीची मागणी आपण नेहमी करतो. या खेपेला जुळलेल्या वेळेची मागणी करू या.