धूर नेमका कुठे? डोंगरमाथ्यावरच्या काचेच्या खोलीतली एक रात्र

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे पेटले होते, ते आपल्यापैकी सत्तरीतून येणाऱ्या सगळ्यांना आठवत असतील. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं खाली भलीमोठी बादली लटकवून पाणी नेत होती आणि आम्ही अंगणात उभे राहून माना वर करून बघत होतो. मला मात्र त्या दिवसांतली एक वेगळीच गोष्ट जास्त आठवते. एका संध्याकाळी आमच्या सोप्यावरून धूर दिसला. बाबा म्हणाले, “टेकडीच्या पलीकडे आहे, लांब आहे.” तेवढ्यात शेजारच्या गावातून आत्याचा फोन आला, “अरे, आमच्या काजूच्या बागेवरच धूर आलाय!” दोघंही खरंच बोलत होती. दोघांनाही धूर दिसत होता, पण तो कुठून उठतोय ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. रात्री उशिरापर्यंत नुसती फोनाफोनी चालली होती.

पुढे माझा मावसभाऊ, जो अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात नोकरी करतो, एका सुट्टीत डोंगरावरच्या जुन्या वणवा-टेहळणीच्या खोलीत एक रात्र राहून आला. व्हिडिओ कॉलवर त्याने खोलीच्या मधोमध ठेवलेली एक गोल लोखंडी तबकडी दाखवली आणि म्हणाला, “तुमच्या सोप्यावर हे असतं ना, तर मावशीला रात्रभर जागावं लागलं नसतं.” तेव्हापासून मी या खोल्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. हा लेख त्या वाचनाचा आणि दादाला विचारलेल्या शंभर प्रश्नांचा.

या खोल्यांना तिकडे ‘लुकआऊट’ म्हणतात. आपल्या किल्ल्यांवर टेहळणीचे बुरूज असतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे शत्रू म्हणजे धूर. डोंगराच्या अगदी माथ्यावर, कधी थेट खडकावर तर कधी चाळीस-पन्नास फूट उंच लाकडी मनोऱ्यावर, चारी बाजूंनी काचा असलेली एकच खोली. १९२९ नंतर सर्वात जास्त बांधला गेला तो नमुना ‘एल-४’ नावाचा, १४ फूट बाय १४ फूट. तेवढ्यात पलंग, चूल, टेबल आणि मधोमध ती तबकडी. लाकूडसामान आधीच मापात कापून, खेचरांच्या पाठीवर लादून वर न्यायचं आणि तिथे जोडायचं. खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात. उन्हाळ्यात त्या वर उचलून टेकू दिला की सावली मिळते, हिवाळ्यात खाली पाडल्या की काचा बर्फापासून वाचतात. आतलं सगळं सामान खिडकीच्या उंबऱ्यापेक्षा बुटकं. कपाटसुद्धा नजरेच्या आड येता कामा नये!

हे सगळं सुरू झालं ते एका भयंकर घटनेनंतर. अमेरिकेचं वनखातं स्थापन झालं १९०५ साली. पाचच वर्षांनी, १९१० च्या ऑगस्टमध्ये, आयडाहो आणि मोंटाना भागात कोरड्या उन्हाळ्याने आधीच शेकडो छोट्या आगी धुमसत होत्या. २० आणि २१ ऑगस्टला वादळी वारा सुटला आणि त्या सगळ्या एकत्र झाल्या. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. ऐंशीहून जास्त माणसं मेली, त्यात बहुतेक आग विझवायला गेलेले. वॉलेस गावाजवळ एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या चाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं. धुराने घाबरून बाहेर पळू बघणाऱ्यांना त्याने तोंडाशी पिस्तूल रोखून अडवलं. त्यातले बहुतेक जण वाचले. आजही तिकडे वणवा विझवणारे लोक एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं जे हत्यार वापरतात, त्याला ‘पुलास्की’ म्हणतात.

या घटनेतून वनखात्याने धडा घेतला तो असा, की आग लहान असतानाच दिसली पाहिजे. मग माथ्यामाथ्यावर माणसं बसू लागली. १९३३ नंतर मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांना कामाला लावलं, त्यांनी शेकडो लुकआऊट उभारले. देशभर मिळून आठ हजारांवर बांधले गेले असं सांगतात.

आता ती तबकडी. वनखात्यातल्या विल्यम ऑस्बर्न नावाच्या माणसाने १९११ च्या सुमारास ती बनवायला घेतली, म्हणून तिचं नाव ‘ऑस्बर्न फायर फाइंडर’. युक्ती इतकी साधी की मला ती कळल्यावर हसूच आलं. गोल पत्र्यावर आसपासच्या प्रदेशाचा नकाशा चिकटवलेला असतो, आणि नकाशावर आपली खोली बरोबर मध्यबिंदूला. भोवती ० ते ३६० अंश कोरलेलं कडं. त्या कड्यावर समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या: एकीला बारीक फट, दुसरीत ताणलेला घोड्याच्या शेपटीचा केस. धूर दिसला की कडं फिरवायचं, फटीतून बघायचं आणि केस धुराच्या बुडाशी जुळवायचा. शेंड्याशी नाही, बुडाशी, कारण शेंडा वाऱ्याने भलतीकडे गेलेला असतो. मग अंश वाचायचे आणि फोनवर किंवा रेडिओवर खाली कळवायचे.

पण एका खोलीतून फक्त दिशा कळते, अंतर नाही. त्या रेघेवर धूर दोन मैलांवर असेल नाहीतर वीस. म्हणून दुसऱ्या डोंगरावरचा पहारेकरीही तोच धूर बघून आपले अंश सांगतो. खाली कचेरीत मोठ्या नकाशावर दोन्ही ठिकाणांहून दोरे ताणतात. दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आग. बाबांचा सोपा आणि आत्याचं अंगण मला इथे आठवलं. आमच्याकडे दोन जागा होत्या, दोन माणसं होती, फोन होता. नव्हते ते फक्त अंश.

धूर ओळखणं हेही कसब. पावसानंतर दऱ्यांतून धुक्याचे पुंजके वर येतात ते हुबेहूब धुरासारखे दिसतात. तिकडचे लोक त्यांना गमतीने ‘पाणकुत्री’ म्हणतात. फरक असा की पाणकुत्रं उन्हात विरून जातं, धूर त्याच जागेवरून उठत राहतो. दुसरी गंमत (गंमत कसली, धोकाच) म्हणजे ‘झोपलेली आग’. वीज एखाद्या झाडावर पडते, आतल्या आत खोड धुमसत राहतं, आणि कित्येक दिवसांनी वारा-ऊन मिळालं की भडकतं. त्यामुळे विजांचं वादळ येऊन गेलं की पहारेकऱ्याचं खरं काम सुरू होतं. वीज कुठे कुठे पडली ते तो रात्री टिपून ठेवतो आणि पुढचे काही दिवस त्या जागांवर डोळा ठेवतो.

आणि वादळ चालू असताना? तुम्ही आसपासच्या मुलखातल्या सर्वात उंच टोकावर, लोखंडी चुलीशेजारी बसलेले असता! म्हणून छपरावर वीजवाहक दांडा आणि तिथून तांब्याच्या तारा जमिनीत. चूल, पलंग, जे जे धातूचं आहे ते सगळं त्या तारांना जोडलेलं. शिवाय एक छोटं स्टूल, ज्याच्या चारही पायांना विजेच्या खांबावर असतात तशा काचेच्या वाट्या बसवलेल्या. वीज जवळ कडाडू लागली की पहारेकरी त्या स्टुलावर चढून बसतो आणि कशालाही हात लावत नाही. दादाला वादळ भेटलं नाही, पण तो म्हणाला की त्या स्टुलाकडे बघूनच पोटात गोळा आला.

या खोल्यांत कोण राहिलं? १९१३ साली उत्तर कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट ही बाई वनखात्याच्या पगारी पहाऱ्यावर बसली, त्या कामावरची पहिली स्त्री. एकटी बाई महिनाभर तरी टिकेल का, अशी शंका घेणारे होतेच. आठवड्यातून एकदा तिची बहीण टपाल आणि शिधा घेऊन वर यायची. पहिल्याच हंगामात तिने चाळीस आगी कळवल्या, आणि सगळ्या मिळून पाच एकरही जंगल जळलं नाही. मग ती एक-दोन नाही, चौदा-पंधरा हंगाम तिथेच राहिली. आपण साहित्य मंडळवाले, म्हणून लेखकांचंही सांगायला हवं. कवी गॅरी स्नायडर १९५२ आणि १९५३ मध्ये, आणि त्याच्या नादाने जॅक केरुअॅक १९५६ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या डेसोलेशन पीकवर ६३ दिवस. केरुअॅकच्या दोन कादंबऱ्यांत तो मुक्काम आला आहे. लोक त्याच्यामुळेच या खोल्यांकडे वळतात, पण मला विचाराल तर एकांतात कंटाळलेल्या लेखकापेक्षा हॅली डॅगेटची चाळीस आगींची वही मी आधी वाचायला घेईन.

आता यातली दुसरी बाजू. धूर लवकर दिसू लागला, म्हणून आग लवकर विझू लागली. १९३५ साली वनखात्याने नियमच केला की कळवलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आली पाहिजे. ऐकायला छान वाटतं. पण तिथली पाँडेरोसा पाइनची जंगलं अधूनमधून येणाऱ्या छोट्या, जमिनीलगतच्या आगींची सवय असलेली. जाड सालीमुळे मोठी झाडं वाचतात, खालचा पाला-काटक्या जळून जातात. लॉजपोल पाइनची कित्येक फळं तर राळेने बंद असतात, उष्णता मिळाल्यावरच उघडून बी सांडतं. तिथले मूळ रहिवासीही मुद्दाम लहान आगी लावत. हे सगळं बंद झाल्यावर खाली सुकलेलं सरपण साठत गेलं आणि मग जी आग लागते ती शेंड्यापर्यंत चढते. १९७० च्या दशकात तो दहा वाजताचा नियम सोडून दिला गेला. म्हणजे पहारेकऱ्याची नजर चुकली नव्हती. धूर दिसल्यावर काय करायचं, तो निर्णय चुकला होता. आपल्याकडे लगेच हा हिशेब लावू नका. आपलं जंगल वेगळं, पाऊस वेगळा, आणि आपल्याकडे बहुतेक आगी माणसाच्या हातूनच लागतात.

आज विमानं, कॅमेरे आणि उपग्रह आल्यामुळे फार थोड्या लुकआऊटवर माणूस बसतो. उरलेल्या काही सरकार भाड्याने देतं. संकेतस्थळावर कित्येक महिने आधी नोंदणी करावी लागते आणि चांगल्या तारखा बघता बघता संपतात. दादाला मिळाली सप्टेंबरातली मधल्या वारची एक रात्र. पाणी नाही, वीज नाही. जेवण, पांघरूण, पिण्याचं पाणी सगळं पाठीवर. दोन माणसांना बारा लिटर पाणी नेलं तेही जेमतेम पुरलं. संडास खाली पन्नास पावलांवर, म्हणून अंधार पडायच्या आत जिना उतरून-चढून सवय करून घ्यायची. कचरा सगळा परत आणायचा. पडदे नाहीत, त्यामुळे पहाटे साडेपाचला उजेड थेट डोळ्यांवर. रात्री वारा सुटला की मनोरा बांधून ठेवणाऱ्या तारा गुणगुणतात. पहिला तासभर त्याला वाटलं कुणीतरी खाली बोलतंय.

“झोप लागली का?” मी विचारलं.

“कसली झोप! दर थोड्या वेळाने उठून चारी बाजूंना बघत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.”

सकाळी त्याला दरीत पांढरा पुंजका दिसला. धावत तबकडीशी गेला, केस जुळवला, अंश वाचले. मग ऊन आलं आणि पुंजका विरला. पाणकुत्रं!

आपल्याकडे हे काम आता बरंचसं आकाशातून होतं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना देते, आणि सामान्य माणूसही मोबाइल नंबर नोंदवून आपल्या भागाचे संदेश मागवू शकतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. मधल्या वेळात पेटलेली आग त्याला पुढच्या फेरीपर्यंत दिसत नाही, आणि छोटी आग कधीकधी दिसतच नाही. तोवर जे काही दिसायचं ते सोप्यावरूनच दिसणार.

मी नंबर नोंदवला आहे. शिवाय दादाच्या सांगण्यावरून सोप्याच्या कठड्यावर खडूने एक वर्तुळ काढलं, मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर धरून त्यावर अंशांच्या खुणा केल्या. आई म्हणाली, पावसात पुसून जाईल. पण वणवे लागतात ते पावसाच्या आधी. आत्याकडे पुढच्या रविवारी जाऊन तसंच एक काढून देणार आहे, आणि दोन्ही घरं दाखवणारा नकाशा बाबांनी भिंतीला लावला आहे. दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला.